चेपलेली नळी, करवती कडा

भोसरीच्या एमआयडीसीत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मी एअर गनचा आवाज पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला. व्हीएमसी मशीनवरून उतरलेला अ‍ॅल्युमिनियमचा जॉब ऑपरेटरने डाव्या हातात धरला, टॅप मारलेल्या भोकांतला कीस उडवायला गनचा खटका दाबला, आणि कानात दाभण टोचावं तसं झालं. गनच्या पुढे तांब्याची वीतभर नळी होती. तिचं तोंड त्याने पकडीने दाबून चपटं केलेलं होतं.

"असं का?" मी विचारलं.

"गोल नळीची हवा सुईसारखी सरळ जाते, साहेब. चेपली की फाकते. एका फटक्यात सगळी बाजू साफ."

"आणि आवाज?"

"आवाज बदलतो. कधी कधी शिट्टीच मारायला लागते. मग अजून जरा चेपायची, की बंद."

हे तो सहज बोलून गेला. पण झोताचं मिसळणं, झोताचा आवाज आणि नळीच्या तोंडाचा आकार या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, हे त्या चार वाक्यांत आलेलं होतं. लढाऊ विमानांच्या इंजिनांवर काम करणारे लोक गेली सत्तरहून अधिक वर्षं याच गुंत्याशी झटत आहेत. आणि त्या ऑपरेटरच्या हातातला झोतही विमानाच्या झोताचाच धाकटा भाऊ होता, कारण तोही स्वनातीत होता, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान.

हे अतिशयोक्त वाटेल म्हणून हिशेब मांडतो. टाकीतल्या हवेचा दाब बाहेरच्या हवेच्या १.८९ पट झाला, की साध्या नळीच्या तोंडाशी हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला टेकतो. याला झोत 'चोक' झाला असं म्हणतात. दाब त्याहून वाढवला तरी नळीच्या तोंडाशी वेग वाढत नाही. उरलेला दाब हवा सोबत घेऊन बाहेर येते, बाहेर आल्यावर फुगते आणि त्या फुगण्यात ध्वनीच्या वेगाच्या पुढे निघून जाते. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी उचलली जाते तेव्हा आतला दाब बाहेरच्या साधारण दुप्पट असतो. म्हणजे तिथली वाफही या उंबरठ्यापाशी पोचलेली असते. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरच्या घड्याळावर सात बार दिसतात तेव्हा आतला खरा दाब बाहेरच्या आठपट असतो. ती हवा नीट, पूर्ण फुगू दिली तर मॅक २, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेग गाठण्याइतका दम तिच्यात असतो. पाइपातून, व्हॉल्व्हमधून येताना थोडा दाब वाया जातो, तरी उंबरठा केव्हाच ओलांडलेला असतो.

असा झोत पहिल्यांदा नीट पाहिला गेला तो टॉर्पेडोच्या कारखान्यामुळे. मॅक हा आकडा ज्याच्या नावाचा, त्या अर्न्स्ट माखबरोबर काम करणारा पेटर झाल्खर हा फ्यूमे गावी, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रिएका इथे शिकवत असे. त्याच गावात व्हाइटहेडचा टॉर्पेडोचा कारखाना होता आणि टॉर्पेडो त्या काळी दाबलेल्या हवेवर चालत. इतक्या दाबाची हवा हाताशी असलेली जागा तेव्हा जगात फार नसणार. झाल्खर आणि जॉन व्हाइटहेड यांनी १८८९ साली ही हवा बारीक तोंडातून बाहेर सोडून तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावरची हवा थरथरताना दिसते, कारण कमीजास्त घनतेच्या हवेतून प्रकाश वाकतो. हाच गुण धरून, भिंगं आणि सुरीची धार वापरून, न दिसणाऱ्या हवेचा फोटो काढता येतो. त्या तंत्राला श्लीरन म्हणतात. त्या तंत्राने पाहिलं तर चोक झालेला झोत गुळगुळीत दिसत नाही. त्याच्या अंगावर एकामागून एक चौकटी उमटलेल्या असतात.

या चौकटी आपल्यापैकी पुष्कळांनी श्लीरनशिवायही पाहिल्या आहेत. लोहगावच्या तळावरून संध्याकाळी सुखोई-३० उडतं, मागचा आफ्टरबर्नर पेटलेला असतो, आणि त्या ज्वाळेत एकामागून एक उजळ ठिपके ओवल्यासारखे दिसतात. इंग्रजीत त्यांना हिरे म्हणतात. मला मात्र त्या दिवाळीच्या ताटातल्या शंकरपाळ्या वाटतात, आणि आकारही अगदी तोच. त्या होतात कशा, तर बाहेर पडलेल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेशी जुळलेला नसतो. जास्त असेल तर वायू फुगतो, पण वेगाच्या भरात गरजेपेक्षा जास्त फुगतो आणि त्याचा दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो. मग बाहेरची हवा त्याला आत दाबते, दाबताना आघात-तरंग उमटतात, दाब पुन्हा चढतो, पुन्हा फुगणं. ताणून सोडलेली स्प्रिंग जशी मागेपुढे होत राहते तसं हे झोताच्या लांबीवर घडत राहतं. जिथे वायू दाबला जातो तिथे तो तापतो, उरलंसुरलं इंधन पेट घेतं आणि शंकरपाळी उजळते.

दाब आधीच जुळवून घ्यायचा उपाय स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हालने १८८० च्या दशकात शोधला होता. हा माणूस मूळचा दुधातून साय वेगळी काढायच्या यंत्रासाठी प्रसिद्ध. वाफेच्या टर्बाइनसाठी त्याने असं नोझल केलं, जे आधी निमुळतं होत जातं आणि मग पुन्हा रुंदावतं. निमुळत्या गळ्याशी वाफ ध्वनीच्या वेगाला पोचते आणि रुंद भागात, नळीच्या भिंतींच्या आधाराने, हळूहळू फुगत त्याच्या पुढे जाते. तोंडाशी येईपर्यंत तिचा दाब बाहेरच्याशी जुळला, तर शंकरपाळ्या उमटतच नाहीत. अग्निबाणापासून सुखोईपर्यंत सगळीकडे हाच आकार आहे. मात्र विमान जमिनीवर एका दाबात असतं आणि बारा किलोमीटरवर दुसऱ्याच. लढाऊ विमानाच्या नोझलच्या पाकळ्या हलतात, गळा आणि तोंड कमीजास्त होतं, तरीही उड्डाणाच्या क्षणी जुळणी सहसा पुरी होत नाही. म्हणूनच धावपट्टीवर शंकरपाळ्या इतक्या ठसठशीत दिसतात.

आता आवाजाकडे येतो.

१९५२ च्या मे महिन्यात लंडनहून जोहान्सबर्गला कॉमेट विमान निघालं आणि जेटचा प्रवासी जमाना सुरू झाला. त्याच वर्षी मँचेस्टरच्या जेम्स लाइटहिल या गणितज्ञाने एक शोधनिबंध लिहिला. झोतात कुठलीही वस्तू थरथरत नाही, पडदा नाही, तार नाही, तरी आवाज कुठून येतो, हा त्याचा प्रश्न. त्याचं उत्तर असं की झोत आणि बाहेरची हवा यांच्या सीमेवर जी घुसळण होते, तीच आवाज करते. आणि त्या आवाजाची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. आठव्या! वेग दुप्पट झाला तर आवाजाची शक्ती २५६ पट, म्हणजे २४ डेसिबलची चढण. आजच्या प्रवासी विमानांची इंजिनं तोंडाला एवढी ढेरपोट का असतात, याचं मोठं कारण या एका सूत्रात आहे. तितकाच ढकलजोर थोड्या हवेला भन्नाट वेगाने फेकून मिळवता येतो, किंवा पुष्कळ हवेला बेताने ढकलून. दुसरा मार्ग इंधन वाचवतो आणि आवाजही.

पण १९५० च्या दशकात ढेरपोट इंजिनं नव्हती. होती ती बारीक आणि उग्र. न्यूयॉर्कचे विमानतळ चालवणाऱ्या प्राधिकरणाने आवाजाची मर्यादा घातली तेव्हा कंपन्यांना नोझलच्या आकाराकडेच वळावं लागलं. रोल्स-रॉइसच्या ग्रेटरेक्सने गोल तोंडाला चुण्या पाडल्या. मागून पाहिलं तर फुलाच्या पाकळ्यांसारखं दिसणारं नोझल. एअर इंडियाने १९६० साली मुंबईहून उडवायला घेतलेल्या बोइंग ७०७ विमानांवर रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिनं होती आणि त्यांच्या मागे हे पाकळ्यांचं तोंड होतं. सांताक्रूझच्या त्या काळच्या रहिवाशांनी ऐकलेला जेटचा आवाज या चुण्यांतून गाळून आलेला होता. अमेरिकी इंजिनांच्या ७०७ वर बोइंगने दुसरी युक्ती केली. एका मोठ्या तोंडाऐवजी एकवीस लहान नळ्यांचा जुडगा.

लहान नळ्यांनी काय साधतं, हे गणित मला फार आवडतं, कारण ते कागदाच्या कोपऱ्यावर मावतं. झोताच्या आवाजाची मुख्य पट्टी ढोबळमानाने अशी काढतात: वेगाला तोंडाच्या व्यासाने भागायचं आणि आलेल्या संख्येचा एक पंचमांश घ्यायचा. अर्ध्या मीटरच्या तोंडातून सेकंदाला ६०० मीटरने निघालेला झोत घेतला तर उत्तर येतं साधारण २४० हर्ट्झ. छातीत घुमणारा, खिडक्या हलवणारा, मैलोनमैल जाणारा आवाज. एक मिलिमीटरच्या भोकातून ३२० मीटरने निघालेली हवा घेतली तर ६४ हजार हर्ट्झ. माणसाचा कान वीस हजारापुढे ऐकत नाही आणि इतका बारीक आवाज हवा स्वतःच लवकर शोषून घेते. म्हणजे एका मोठ्या तोंडाची अनेक लहान तोंडं केली, की आवाज नाहीसा होत नाही. तो वरच्या पट्टीत सरकतो, जिथे आपल्याला तो कमी बोचतो आणि दूरवर पोचत नाही.

स्वनातीत झोताला मात्र आवाजाच्या आणखी वाटा मिळतात. घुसळणीत मोठे भोवरे तयार होतात आणि ते झोताच्या सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश वेगाने पुढे सरकतात. आफ्टरबर्नर लावलेल्या झोतात हे भोवरेसुद्धा बाहेरच्या ध्वनीपेक्षा वेगवान असतात. मग बंदुकीच्या गोळीमागे उमटतो तसा तरंग प्रत्येक भोवऱ्यामागे उमटतो आणि झोताच्या मागच्या बाजूला तिरका फेकला जातो. लढाऊ विमानाच्या मागे तिरकं उभं राहिल्यावर जो तडतडणारा, कापड फाडल्यासारखा आवाज येतो, त्याचं मूळ इथे आहे. शिवाय भोवरे शंकरपाळ्यांतून जाताना त्यांना धडकतात, त्याचा वेगळा खळखळाट. आणि या सगळ्यावर ताण म्हणजे किंकाळी.

किंकाळीचं कोडं ॲलन पॉवेल या इंग्रज संशोधकाने १९५३ च्या सुमारास उलगडलं. एखाद्या कार्यक्रमात माईक स्पीकरसमोर आला की कर्णकर्कश कुई ऐकू येते. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा पुन्हा स्पीकरमध्ये, आणि एकच सूर फुगत जातो. झोतात हेच घडतं. नळीच्या ओठाशी झोतात एक बारीकशी लहर उठते. ती पुढे वाहताना मोठी होत जाते. तिसऱ्या-चौथ्या शंकरपाळीशी पोचेपर्यंत तिचा भलामोठा भोवरा झालेला असतो, तो आघात-तरंगाला धडकतो आणि आवाज फुटतो. हा आवाज झोताच्या बाहेरून, शांत हवेतून, मागे नळीच्या ओठाकडे येतो आणि तिथे नवी लहर उठवतो. चक्र पुरं झालं. सगळी शक्ती एकाच सुरात गोळा होते. नळीचा ओठ जाड असेल तर मागे आलेला आवाज त्याच्यावर चांगला आपटतो आणि किंकाळी वाढते. भोसरीतला तो ऑपरेटर पकडीने तोंड अजून जरा चेपत होता तेव्हा तो हेच चक्र तोडत होता. शंकरपाळ्यांमधलं अंतर बदललं, ओठाचा आकार बदलला, ताल चुकला, शिट्टी बंद.

ही किंकाळी नुसती कानाला त्रास देत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या एफ-१५ आणि बी-१ या विमानांच्या नोझलवरच्या बाहेरच्या पट्ट्या तडकत होत्या. दोन्हींत इंजिनं शेजारीशेजारी. दोन झोतांच्या किंकाळ्या एकमेकींशी सुरात आल्या की मधल्या जागेत दाबाचे इतके जोरदार हेलकावे उठतात की धातू थकतो. नासाच्या लँगली केंद्रात जॉन साइनर आणि सहकाऱ्यांनी प्रतिकृतींवर हे मोजलं. आवाजाने धातू तडकतो, तर धावपट्टीवर किंवा विमानवाहू जहाजाच्या डेकवर त्या झोतापासून काही मीटरांवर उभं राहून काम करणाऱ्या पोराच्या कानाचं काय होत असेल, हा विचार मला हा विषय वाचताना कायम छळतो. अमेरिकेच्या निवृत्त सैनिकांना जी अपंगत्वाची भरपाई मिळते, तिच्या कारणांत कानात सतत वाजत राहणारा नाद, टिनिटस, सगळ्यांत वरच्या क्रमांकावर आहे. त्याला बंदुका-तोफाही कारण आहेत, हे खरं. पण जेटच्या डेकवर कानात बोळे घालून वरून मफ लावले तरी आवाज कवटीच्या हाडांतून आत जातोच. अशा ठिकाणी आवाज मुळातच कमी करणं, म्हणजे नोझलला हात घालणं, याला दुसरा पर्याय उरत नाही.

झोताच्या मिसळण्याची गोष्ट इथे आवाजाशी येऊन जोडली जाते.

झोत बाहेरच्या हवेत लवकर मिसळला तर त्याचा वेग लवकर उतरतो, गरम गाभा आखूड होतो, जमिनीवरच्या माणसांना आणि उपकरणांना धोका कमी, आणि लढाऊ विमान उष्णतेवर येणाऱ्या क्षेपणास्त्राला कमी दिसतं. अडचण अशी की वेगवान झोत मिसळायलाच तयार नसतो. ध्वनीपेक्षा सावकाश झोताचा न मिसळलेला गाभा तोंडाच्या व्यासाच्या पाच-सहा पट लांबीवर संपतो. स्वनातीत झोतात तो वेगाबरोबर लांबत जातो, दहा व्यासांपर्यंत आणि पुढेही. कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकमध्ये पापामोस्कू आणि अनातोल रॉश्को यांनी १९८८ साली दाखवलं की भोवऱ्यांचा वेग ध्वनीच्या जवळ गेला की सीमेवरचा घुसळणीचा पट्टा पसरण्याचा दर एक चतुर्थांशाच्या आसपास उतरतो.

असं का, तर भोवरा फिरायचा म्हणजे त्याच्या एका बाजूला काय चाललंय याची खबर दुसऱ्या बाजूला लागावी लागते. हवेत खबर दाबाच्या रूपाने जाते आणि दाब ध्वनीच्या वेगाने जातो. हवाच ध्वनीपेक्षा वेगाने पळत असेल तर खबर पोचायच्या आत प्रसंग पुढे गेलेला असतो. रवी फिरवायला दोरीची दोन्ही टोकं हातात लागतात. इथे एक टोक हाताला लागतच नाही.

मग घुसळायचं कसं? चोक झालेल्या झोतात किंकाळी उठली की तो लवकर पसरतो, हे १९६० च्या दशकातच प्रयोगांत दिसलं होतं. पुढे अंजनेयुलू क्रोथपल्ली आणि सहकाऱ्यांनी आयताकृती तोंडाच्या झोतात ते तपशिलाने दाखवलं. किंकाळी झोताला एका ठरावीक तालात डावी-उजवीकडे फडफडवते आणि त्या फडफडीने बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे नको असलेला आवाज हवं असलेलं काम करत होता. किंकाळी मारली तर मिसळण घटते, आणि मिसळण वाढवायला गेलं तर कुठला ना कुठला आवाज चढतो. आकार बदलायचे सगळे प्रयत्न या कात्रीतून वाट काढण्यासाठी आहेत.

गोल तोंडाऐवजी लंबगोल तोंड घ्या. त्यातून निघणाऱ्या भोवऱ्याची कडीही लंबगोल असते. अशा कडीचा जास्त वळलेला भाग, म्हणजे लांबट टोकं, स्वतःच्याच जोराने इतरांपेक्षा पुढे पळतो. मग कडी वाकते, मधला भाग बाहेर फाकतो, आणि थोडं पुढे गेल्यावर आडवा लंबगोल झोत उभा झालेला असतो. हा पालट घडताना झोत बाहेरची हवा घासाघासाने आत ओढतो. हो आणि गुटमार्क या दोघांनी १९८७ साली मोजलं, तेव्हा बेताच्या लंबगोल झोताने गोल झोताच्या कित्येक पट हवा ओढलेली आढळली. अमेरिकी नौदलाच्या चायना लेक केंद्रात ही कल्पना पुढे स्वनातीत झोतांवरही अजमावली गेली. चेपलेल्या तांब्याच्या नळीत हेच तत्त्व आहे, आणि 'फाकते' हा त्या ऑपरेटरचा शब्द मला कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या शब्दापेक्षा नेमका वाटतो.

दुसरी वाट आणखी साधी. नोझलच्या तोंडाशी एक बारकी जीभ आत वळवायची. तोंडाच्या एकूण क्षेत्रफळाच्या शंभरात एक-दोन हिस्से झाकेल, इतकीच. अशी जीभ झोतात शिरली की तिच्या दोन्ही कडांवरून दोन भोवरे सुटतात, एक उजवा, एक डावा. यांचा आस झोताच्याच दिशेने असतो. मळसूत्रासारखे ते पुढे जातात आणि जाताजाता बाहेरची हवा आत खेचतात, आतली बाहेर फेकतात. कडीसारख्या भोवऱ्यांना जी खबर न मिळण्याची अडचण नडते, तिने हे भोवरे फारसे अडत नाहीत. म्हणून स्वनातीत झोतातही ते टिकतात. समोरासमोर दोन जिभा लावल्या तर झोत अक्षरशः दोन फाकांत विभागतो. शंकरपाळ्या विस्कटतात आणि किंकाळी बंद होते. क्रॅनफील्डमध्ये वेस्टली आणि लिली यांनी १९५२ च्या सुमारासच तोंडाला दाते लावून पाहिले होते. १९७५ साली ब्रॅडबरी आणि खादेम यांनी जिभांचा परिणाम मोजला, आणि १९९० च्या दशकात खैरुल झमान, मो समीमी आणि रीडर यांनी क्लीव्हलँडच्या नासा केंद्रात त्यामागचे भोवरे उलगडून दाखवले. आपल्याकडे आयआयटी कानपूरमध्ये ई. राधाकृष्णन यांनी या जिभांवर वर्षानुवर्षं काम केलं. जीभ भिंतीलगतच्या मंद हवेच्या थरापुरती असली की पुरे, असा समज होता. त्यांनी ती लांबवत लांबवत थेट केंद्रापर्यंत नेली, तोंडावर आडवी तारच ताणली, आणि गाभा किती आखूड करता येतो ते दाखवलं. जीभ केंद्रापर्यंत लांबवता येते, ही मर्यादा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

जीभ म्हणजे झोताच्या वाटेतला अडसर, म्हणून ढकलजोर थोडा जातो. लढाऊ विमानाला तो सोसेल, पण दिवसाला हजारो किलोमीटर उडणाऱ्या प्रवासी विमानाला नाही. त्यामुळे जिभेचं सौम्य रूप आलं. तोंडाच्या कडेला करवतीसारखे त्रिकोणी दाते, अगदी किंचित आत कललेले. इंजिनवाले त्यांना शेव्हरॉन म्हणतात. मुंबई विमानतळावर एअर इंडियाचं बोइंग ७८७ उभं असेल तर त्याच्या इंजिनाच्या मागच्या कडेकडे बघा, दाते स्पष्ट दिसतात. प्रत्येक दात्यामागे भोवऱ्यांची जोडी सुटते, पण हळुवार. घुमणारा मोठा आवाज उतरतो, नोझलजवळचा बारीक आवाज थोडा चढतो, आणि दाते किती आत कलवायचे हे ठरवताना सगळी कसोटी इथेच लागते. फार कलवले तर वरच्या पट्टीतला आवाज आणि इंधन दोन्ही वाढतं. कमी कलवले तर नुसतीच नक्षी.

बोइंगने २००५ मध्ये ७७७ विमानावर यावर एक सुंदर तोड काढून पाहिली. दात्यांत निकेल-टायटॅनियमच्या अशा पट्ट्या बसवल्या की तापमानानुसार त्यांचा आकार बदलावा. उड्डाणावेळी खालची हवा उबदार, दाते आत वाकतात आणि आवाज कमी करतात. दहा-अकरा किलोमीटरवरच्या गारठ्यात ते आपोआप सरळ होतात आणि इंधन खात नाहीत. मोटर नाही, तार नाही, स्विच नाही. तरीही सगळ्यांनी दाते स्वीकारले असं झालेलं नाही. एअरबसच्या ए-३५० वर ते नाहीत, आणि बोइंगच्या नव्या ७७७-एक्सच्या इंजिनावरही नाहीत. ढेरपोट इंजिनांचा झोतच इतका सावकाश झाला आहे की दात्यांनी मिळणारा फायदा आणि त्यांची किंमत यांचा हिशेब दर वेळी नव्याने करावा लागतो.

लढाऊ विमानांत ही उसंत नाही. झोत सावकाश करायचा तर इंजिन ढेरपोट होणार आणि ढेरपोट इंजिन घेऊन ध्वनीच्या पुढे जाणं महागात पडतं. तिथे दाते, तिरकं कापलेलं तोंड, नोझलच्या आतल्या रुंद भागात पाडलेल्या चुण्या, तोंडाभोवतीच्या बारीक भोकांतून सोडलेले हवेचे फवारे, असे उपाय प्रयोगशाळांत आणि चाचणी-मंचांवर चालू आहेत. यांतल्या फवाऱ्यांकडून मला सगळ्यांत जास्त आशा वाटते, कारण गरज संपली की ते बंद करता येतात. धातूची जीभ मात्र अख्खं उड्डाणभर तोंडात राहते.

आणि एक जागा अशी आहे जिथे आवाजाची फिकीर जवळजवळ नसते, फक्त मिसळण हवी असते. ती म्हणजे स्क्रॅमजेट. या इंजिनात हवा ध्वनीपेक्षा वेगानेच आत शिरते आणि तशीच बाहेर पडते. मधल्या काही मिलिसेकंदांत तिच्यात इंधन मिसळून जळलं पाहिजे. वादळात काडी पेटवून ती पेटती ठेवण्यासारखं हे काम. इस्रोने २०१६ च्या ऑगस्टमध्ये श्रीहरिकोट्याहून अग्निबाणावर बसवून स्क्रॅमजेट काही सेकंद चालवून दाखवलं. डीआरडीओने २०२० मध्ये आपलं स्क्रॅमजेट वाहन उडवलं, आणि २०२५ च्या जानेवारीत हैदराबादला जमिनीवरच्या चाचणीत दहन-कक्ष १२० सेकंद पेटता ठेवला. अशा कक्षात इंधनाचं तोंड कुठल्या आकाराचं, कुठल्या कोनात, त्यामागे भोवरे कसे सुटतात, यावर ज्योत टिकणं-विझणं अवलंबून असतं. नोझलवाल्यांनी आवाजाच्या मागे लागून जे भोवरे ओळखीचे करून घेतले, तेच इथे उपयोगी पडतात.

त्या वर्कशॉपमध्ये मी नंतर पुन्हा गेलो, तेव्हा मालकाने सगळ्या गनना नवी तोंडं आणून लावली होती. बोटाच्या पेराएवढी, पुढे बारीक भोकांचं कडं असलेली. ७०७ च्या एकवीस नळ्यांची नातवंडं म्हणावीत अशी. खटका दाबला तर दाभणाऐवजी नुसती जोरकस फुंकर ऐकू आली. शेजारच्या मशीनवरचा माणूस काय बोलतोय ते मला गन चालू असताना कळलं, जे आधी शक्य नव्हतं. पण माझ्या ओळखीच्या ऑपरेटरच्या टेबलावर ती चेपलेली तांब्याची नळी अजून होती.

"जॉब पुसायला, पाणी उडवायला नवीन बेस्ट आहे," तो म्हणाला. "पण खोल बंद भोकातला कीस त्यानं नाही निघत. हवा लगेच बाहेरच्या हवेत विरते. तिथं हीच लागते."

त्याने खिशातून कानाचे नारिंगी बोळे काढले, चिमटीत दाबून कानात बसवले, नळीचं तोंड एकदा उजेडाकडे धरून पाहिलं आणि पुढच्या जॉबकडे वळला.